क्लीओफसचा अर्ज

"आधी अर्ज दाखवा, मग खोलीला नाव द्या," मिस व्हर्लीन म्हणाली. खुर्ची पुढे केली होती, तरी ती उभीच होती.

रोशेल पेटवेने घड्याळाकडे पाहिलं. टॅलो बेंडच्या ग्रंथालयाला मिळालेली ती आमच्या काळ्या माणसांतली पहिली प्रमुख. खोलीच्या नामकरणासाठी बाहेर दीडशे माणसं जमली होती. चर्चच्या बायका ठेवणीतल्या हॅट घालून आल्या होत्या. तळलेल्या कोंबडीचा वास कपाटांपर्यंत पोचला होता.

"मिस व्हर्लीन, तो काचेत लावलाय. मूळ कागद ग्रंथालयाचा आहे."

"अडुसष्ट वर्षं तुमच्याकडेच होता की. पाच मिनिटं माझ्याकडे राहू दे."

"द्या हो," व्हर्लीनची भाची जोनेल म्हणाली. "आत्याने एकदा धरलं की सुसर बरी."

रोशेल काच उघडायला गेली.

क्लीओफस व्हर्लीनचा थोरला भाऊ. एकोणीस वर्षांचा, लाकूड गिरणीत कामाला. त्यांची आई या ग्रंथालयाची फरशी पुसायची. तेव्हा आमच्या माणसांना त्या दारातून फक्त झाडू घेऊनच आत जाता यायचं. संध्याकाळी भाऊबहीण घराच्या पायरीवर बसत. ती जुनी वर्तमानपत्रं वाचायची, तो दुखरे पाय चोळत ऐकायचा. एका गुरुवारी तो गिरणीतून परत आला नाही. शनिवारी नदीत सापडला.

"माझ्या लेकराने कुणाचं काय केलं होतं?" आई मरेपर्यंत विचारत राहिली.

या वसंतात तळघरात एक पत्र्याची पेटी सापडली आणि तिच्यात तो अर्ज. क्लीओफस ड्युप्री, पत्ता, कामाचं ठिकाण. पुस्तकं घरी नेण्यासाठी कार्ड मिळावं. गाव हादरलं. त्या काळात असा अर्ज करायला कुणाची छाती झाली नव्हती.

रोशेलने कागद टेबलावर ठेवला. जोनेल वाकली.

"किती नेटकं लिहायचे काका," ती म्हणाली. "घरात त्यांचा एक फोटो आहे, पण त्यांच्या हातचं एक अक्षर नाही. म्हणून हट्ट धरलास ना, आत्या?"

व्हर्लीनने कागद उलटा केला. मागे लाल शाईत दोनच शब्द होते: गिरणीत कळवले.

जोनेलने लाल अक्षरांवरून बोट फिरवलं. "म्हणजे खबर इथूनच गेली. तेव्हाच्या ग्रंथपाल बाईनेच दिली."

"हे मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं," रोशेल म्हणाली. "आज सगळ्यांसमोर सांगणार आहे. ग्रंथालयाच्या वतीने माफी मागणार आहे."

"मागा. ती मागायलाच हवी," व्हर्लीन म्हणाली. "पण खोलीच्या भिंतीवर काय कोरलंय?"

"पुस्तकासाठी प्राण देणारा क्लीओफस."

"मग मला आधी बोलू द्या."

अकरा वाजता ती कागद हातात घेऊन सगळ्यांसमोर उभी राहिली. रोशेलने ओळख करून दिली. क्लीओफसची वाचनाची भूक, त्याची हिंमत. त्याने कार्डाचे सगळे नियम पाळले होते, रोशेल म्हणाली. सोळा वर्षं पूर्ण, गावातला पत्ता, रोजगार. नाकारायला एकच कारण उरलं होतं, त्याचा रंग. चर्चच्या बायकांनी हुंकार भरला. कुणी डोळे पुसले.

व्हर्लीन थांबली. टाळ्या विरल्या.

"माझा भाऊ भला माणूस होता," ती म्हणाली. "पण त्याने कार्ड मागितलं नव्हतं. गोऱ्या माणसांनी त्याला गिरणीच्या फाटकावर धरलं, तेव्हा तो एकच विचारत होता, मी काय केलं? लोकांना वाटलं, तो जीव वाचवायला खोटं बोलतोय."

"आत्या, बस की खाली," जोनेल हलकेच म्हणाली.

"त्याला लिहितावाचता येत नव्हतं. पगाराच्या कागदावर अंगठा उठवायचा."

रोशेलने कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मग हे कुणी लिहिलं, मिस व्हर्लीन?"

"सोळाच्या आत कार्ड मिळत नव्हतं," ती म्हणाली, "आणि मी नऊ वर्षांची होते."