बोक्याची भिशी

"दोघींचे पैसे भरतेस? दुसरी कोण?" भिशीचा डबा पुढे करत शेजारणीने विचारलं.

"दुसरा आमचा बोका," शालन म्हणाली, आणि जमलेल्या बायका पोट धरून हसल्या.

शालन हसली नाही. आधीचं मांजर आजारी पडलं, तेव्हा उसने पैसे हाती येईपर्यंत फार उशीर झाला होता. हा बोका घरात आला त्याच दिवशी तिने ठरवलं, याचं खाणं, लस, दवाखाना, सगळ्याची सोय आधीच करून ठेवायची. त्यासाठी ती रोज एका जास्तीच्या साडीला फॉल लावू लागली.

दिवाळीनंतरच्या भिशीत चिठ्ठी उघडली, तर बोक्याचंच नाव. या वेळी कुणी हसलं नाही.

घरी नोटा बघून नवरा खुलला. "बरं झालं. स्कूटरचे टायर बदलून घेऊ."

"हे पैसे माझे नाहीत," पर्सची चेन ओढत शालन म्हणाली. "ज्याचे आहेत त्याला विचारा."

नवऱ्याने नकळत अंगणात पाहिलं. स्कूटरच्या सीटवर पसरलेल्या बोक्याने एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटून घेतला.