फ्रिजवरची यादी

माझ्या प्राण्यांच्या दवाखान्यात एक म्हातारा उलट्यांनी निपचित पडलेल्या कुत्र्याला मांडीवर घेऊन बसला होता. मुलगा आणि सून माझ्या तोंडाकडे बघत उभे होते.

"चॉकलेट, द्राक्षं, कांदा, काही म्हणजे काही देत नाही हो आम्ही याला," सून रडवेली झाली होती. "काय चालत नाही त्याची यादीच लावलीय फ्रिजवर."

"मग खाल्लं काय यानं?"

म्हातारा पुटपुटला, "मीच दिलं, माझ्या ताटातलं. मला जाईना, आणि टाकलं तर बोलणी खावी लागतात."

"काय होतं ताटात?"

त्यानं आधी सुनेकडे पाहिलं. "भात. सोमवारचा."

आज गुरुवार होता.

माझं डोकंच फिरलं. इंजेक्शन बाजूला ठेवून मी मुलाच्या डोळ्यांत डोळे घालून, एकेक शब्द तोडून सांगितलं, "असलं आंबलेलं अन्न म्हणजे विष. ज्याच्या पोटात जाईल, त्याचा जीव घेईल."

दोघांच्याही माना खाली गेल्या. चला, निदान लाज तरी वाटली, असं मला वाटलं.

औषध घेऊन निघताना सुनेनं कुत्र्याला अलगद छातीशी धरलं, आणि मुलगा बापावर खेकसला,



"ऐकलंत ना, अण्णा? यापुढे तुमच्या ताटातलं एक शीतही त्याला द्यायचं नाही. तुमचं तुम्ही संपवायचं."