पहिला घास

“आमच्या बंदर गल्लीत कुणी कुणाला गाव इचारत न्हाय, पावणं,” गुंडूनं खानावळीच्या बाकावर फडकं मारलं. “पर तुमी गल्लीचंच इचारताय, तर सांगतो की.”

समोर बसलेला वरद नावाचा तरुण लक्ष देऊन ऐकत होता. सकाळपासून तो दारोदार हेच विचारत फिरत होता.

कोल्हापुरात समुद्र नाही, पण बंदरावरची माणसं आहेत. सुक्या मासळीच्या ट्रकांवर बसून ती घाट चढली. आधी मालवणी आले, मग कारवारी, मागोमाग मलबारचे चहावाले. होड्यांचा उरलेला रंग त्यांनी दारांना फासला, म्हणून आजही इथे एक दार निळं तर शेजारचं शेंदरी. भांडणं चार भाषांत होतात, शिव्या मात्र अस्सल कोल्हापुरी.

“पयल्यांदा कुणाचा कुणावर भरवसा न्हवता,” गुंडू रंगात आला. “अनोळख्याच्या हातचं खायाचं कसं? मग रीतच पडली. नव्या पावण्याच्या ताटातला पयला घास रांधणारीनं त्याच्या म्होरं खायाचा. आमची बायडाबाई अजून पाळती.”

वरद हसला. हसताना त्याची डावी भुवई तेवढी वर गेली आणि गुंडूनं हातातलं फडकं खाली ठेवलं. ती भुवई अंबादासची होती.

“कुणाला हुडकताय व्हय?”

“आमच्या बंदरावरून पळून आलेल्या एका माणसाला. बाबांनी त्याच्यासाठी एक काम सोपवलंय. ते उरकलं की परत.”

तरुणपणी धक्क्यावर दारूच्या नशेत गुंडूनं आपल्या भागीदाराला, अंबादासला, ढकललं होतं. दोन होड्यांच्या फटीत अंबादास गेला तो वर आलाच नाही. गुंडू तसाच ट्रकात चढला. इथे येऊन त्यानं नाव बदललं, लग्न केलं, खानावळ थाटली. बायडाबाईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिच्या डोळ्यांदेखत आपल्या हातात बेड्या पडतील, एवढीच एक भीती त्याला आयुष्यभर पुरली होती.

“लिंबं संपल्यात. कोपऱ्यावरनं घिऊन ये जा,” त्यानं बायकोला पिटाळलं आणि ताट स्वतः वाढलं. उंदरांसाठी आणलेली विषाची पुडी त्यानं कालवणात ढवळली. ताट वरदपुढे ठेवून तो मागच्या नळावर गेला. तांब्या भरायला त्यानं मुद्दामच वेळ लावला.

परतला तेव्हा वरद हात न लावता बसला होता. भाकरी, कालवण, कडेला लिंबाची फोड, ताट भरलेलंच दिसत होतं.

“काका, ताट ठेवताना तुमच्या मनगटावरचं, बाबांनी सांगितलेलं नांगराचं गोंदण दिसलं,” वरदनं उठून त्याचे पाय धरले. “बाबा जिवंत आहेत. पलीकडच्या होडीवाल्यांनी काढलं त्यांना. ‘भांडण मी उकरलं होतं, त्याला म्हणावं आता घरी ये,’ एवढंच सांगायला मला धाडलंय.”

गुंडूला रडू फुटलं. इतकी वर्षं छातीवर बसलेला धोंडा उतरला. देवा, वेळेवर ऐकवलंस! त्यानं झडप घालून ताट उचललं.

“गार झालंय, पोरा. दुसरं वाढतो.”

“गार कुठे? गरमच आहे,” वरद म्हणाला. “मावशी लिंबं घेऊन आल्या, रितीप्रमाणे पहिला घास घेतला आणि मळमळतंय म्हणून आत जाऊन पडल्यात.”