पाठमोरी

चौघींत सगळ्यात हळू ढब्बूच पळते, हे आईला पहिल्याच फेरीत कळलं. त्यासाठी काही डोळ्यांत तेल घालून बघावं लागत नव्हतं. बाकीच्या तिघींचे पाय जमिनीला लागतात की नाही अशी शंका येत होती. ढब्बूचे मात्र व्यवस्थित लागत होते, धपधप आवाज करत. मग शाळेच्या रिले संघात हिला घेतलं कशाला?

खरं तर आई हे विचारायला आलीच नव्हती. ती आली होती ढब्बूचं नाव काढून घ्यायला. सुट्टी संपत आली होती. सोमवारी शाळा उघडणार, आणि त्याआधी ढब्बूची रवानगी मावशीच्या गावी, तिथल्याच शाळेत, हे फोनवर ठरल्यात जमा होतं. ढब्बूला अजून कुणी बोललं नव्हतं. आधी खेळाच्या बाईंना सांगू, मग पोरीला, असा आईने सोपा मार्ग काढला होता. सोपा कसला, मरण उद्यावर ढकललं होतं एवढंच.

कारण घरात दोन पाळ्या होत्या. बाबा दूध डेअरीत, सकाळच्या पाळीला. आई इस्पितळाच्या धुलाईघरात, दुपारच्या. सुट्टीभर ढब्बूला सांभाळायचं गणित त्यांनी एका नाक्यावर कसंबसं बसवलं होतं. चष्म्याच्या दुकानासमोरून आईची बस सुटायची आणि थोड्या वेळाने त्याच थांब्यावर बाबाची यायची. मधल्या वेळात ढब्बू दुकानाच्या पायरीवर. चष्मेवाले काका काचेआडून लक्ष ठेवायचे, तरी आईचा जीव टांगणीला लागायचा. तेवढा वेळ पोरगी कुणाचीच नसते, असं तिला वाटायचं. शाळा सकाळची, म्हणजे ती उघडल्यावरही दुपारी हेच चालणार होतं.

बस हलली की ती माणसांतून वाट काढत मागच्या काचेशी जायची आणि हात हलवायची. ढब्बू पाठ करून उभी. दुकानाच्या काचेत मांडलेल्या चष्म्यांकडे बघत. एकदाही वळली नाही. आधी आईला वाटलं, रुसली असेल, आज नाही तर उद्या वळेल. पण रोजचीच ती पाठ बघून तिच्या मनाने घेतलं, पोरगी आपल्यावर रागावलीय. घरी विचारायचा धीर होईना. विचारलं आणि ती खरंच हो म्हणाली तर? शेवटी थोरल्या बहिणीजवळ मन मोकळं केलं, तर ती फाडकन म्हणाली, "रागावेल नाहीतर काय करेल? पोरगी आहे की पार्सल? आण माझ्याकडे." आईला ते फार लागलं. खोटं असतं तर एवढं लागलं नसतं, असंही तिला वाटलं.

मैदानावर पुन्हा शिट्टी झाली. पहिली मुलगी सुसाट आली. दुसरी पुढे पळता पळता मागे वळली, तिचा पाय अडखळला, हात हलला आणि बॅटन मातीत पडला. बाईंनी कपाळावर हात मारला. पुन्हा सगळ्या आपापल्या जागी. या वेळी बॅटन कसाबसा दुसरीच्या हातात आला आणि ती ढब्बूच्या दिशेने निघाली. ढब्बूने पळायला सुरुवात केली. मान समोर, एक हात मागे, पंजा उघडा. हात जराही हलला नाही. बॅटन त्यात टाळी दिल्यासारखा बसला. पुढे ती आपल्या नेहमीच्या चालीने धपधपत गेली, पण शेजारी सराव करणाऱ्या दुसऱ्या संघातल्या मुली अजून मातीत पडलेला आपला बॅटन शोधत होत्या.

"बघितलंत?" बाई आईजवळ येत म्हणाल्या. "महिनाभर घसा कोरडा केला मी. मागे बघू नका, मागे बघू नका! पालथ्या घड्यावर पाणी. वेगाने पळणाऱ्या मला पैशाला पासरी मिळतील हो. पण न बघता हात मागे स्थिर धरणारी ही एकटीच. हिला एकदाही सांगावं लागलं नाही. घरी कुणी शिकवलं का?"

"आमच्या घरी कोण पळतंय?" आई म्हणाली. "बस पकडण्यापुरते पळतो, तेवढंच."

बाई हसल्या. आईला हसू आलं नाही. तिच्या डोळ्यांसमोर ती पायरीवरची पाठ होती. जी पाठ आठवून ती रोज धुलाईघरात चादरी इस्त्री करताना डोळे पुसायची, त्याच पाठीचं इथे कौतुक चाललं होतं. तिला काही सुधरेना. तरी ठरवून आलेलं वाक्य तिने एकदाचं बोलून टाकलं.

"बाई, तिचं नाव काढा. सोमवारपासून ती या शाळेत नसेल."

बाई बघतच राहिल्या. "नक्की? काढू?"

तेवढ्यात ढब्बू धापा टाकत आली आणि आईच्या हातातली पाण्याची बाटली ओढून घटाघटा प्यायला लागली. गाल लाल, कोपराला माती. तिच्याकडे बघता बघता आईला राहवेना. जे सुट्टीभर विचारलं नव्हतं, ते आता नाही तर कधीच विचारता येणार नव्हतं.

"थांबा बाई, जरा," ती म्हणाली, आणि ढब्बूसमोर खाली बसली. "ढब्बू, माझी बस सुटते तेव्हा तू एकदाही वळून का बघत नाहीस गं? मी काचेतून हात हलवत असते. खरं सांग. राग येतो ना माझा?"

ढब्बूने बाटली तोंडापासून बाजूला केली. एवढ्या मोठ्या माणसाला एवढं साधं कसं कळत नाही, अशा नजरेने ती आईकडे बघत राहिली.

"राग कशाला येईल? तू गेलीस की बाबा येतोच की. वळून काय बघायचं त्यात?"