आबांची जामीनकी

चैतालीने खाली पाहिलं आणि तिची पाचावर धारण बसली. उंच मनोऱ्याचा कठडा, कमरेला दोर आणि घामाने ओलेचिंब तळहात. तिच्याबरोबर पोलिसात भरती झालेल्या साऱ्या पोरी दोरावरून कधीच उतरल्या होत्या.

"अगं, आंदर मावळाच्या डोंगरातली ना तू?" खालून त्यांना शिकवणारे बाजीराव उस्ताद ओरडले. "शेळीसारखी उतरायला पाहिजेस!"

शेळीच्या पायाखाली दगड तरी असतो! चैतालीने कमरेचा दोर सोडला आणि ती जिन्याने खाली आली.

"उस्ताद, मला न्हाई जमायचं. घरी जाते मी."

"जा की! पण भरतीच्या बाँडवर जामीन कोण आहे? अर्ध्यात सोडलंस, तर तुझ्या प्रशिक्षणाचा सगळा खर्च त्याने भरायचा."

जामीन आबा होते, तिचे वडील. घरात विकण्याजोगी एकच चीज, चंद्री म्हैस. तिच्या दुधावर घर चालत होतं. इकडे आड, तिकडे विहीर.

त्या दिवशी रविवार होता, भेटीचा दिवस. दुपारी विठ्ठलआबा आले. तारेच्या जाळीपलीकडून, खाली बसायच्या आधीच म्हणाले, "पिशवी भर. घरी चल."

"आबा, खर्च भरावा लागंल!"

"भरू. काल चंद्री इकली कामशेतच्या बाजारात."

"इकली? मला जमंना, हे तुमाला सांगितलं कुनी?"

"फोनवर दोनदा म्हनलीस, मी बरी हाय. बऱ्या मानसाला येकदाच म्हनून भागतंय, बाय."

चैतालीला रडूच फुटलं. इतके दिवस त्या दोराला ती एकटी लटकत नव्हती, आबाही लटकत होते. खर्चाचे पैसे हाताशी होते, आता ते सुटले होते. आता पडली असती तर फक्त तीच पडली असती.

डोळे पुसून ती मनोऱ्याकडे पळत सुटली.

वर पोचल्यावर खालची जमीन तेवढीच लांब दिसली. भीती कसली जातेय! तिने दोर आवळला, पाठ मोकळ्या हवेवर टाकली आणि ती सुटली. तळहात सोलवटले. भिंत सरसर वर गेली. पायाला माती लागली तेव्हा उस्तादांची शिट्टीसुद्धा तिला ऐकू आली नाही.

ती धापा टाकत जाळीशी आली. आबा दोन्ही मुठींनी जाळी धरून, डोळे गच्च मिटून उभे होते.

"आबा, डोळं उघडा," ती म्हणाली. "आन् पळा कामशेताला. चंद्रीला माघारी आना."