काच सुस्थितीत

“काच कुठंय?” विद्यापीठाच्या भांडारातल्या काकांनी चष्म्यावरून पाहत विचारलं.

तिने टेबलावर रीळ ठेवलं. चंदेरी, ब्लेडच्या पात्याहून पातळ पट्टीचं. काकांनी नोंदवही तिच्याकडे फिरवली. ‘धातूची काच, एक रीळ.’ खाली चार वर्षांपूर्वीची तिचीच सही होती.

“हा तर पत्रा आहे, ताई. काचेतून आरपार दिसतं.”

तिने समजावलं. वितळलेला धातू झटक्यात गार केला की अणूंना रांगेत उभं राहायला सवडच मिळत नाही. जो जिथे असेल तिथेच थिजतो. म्हणून त्याला काच म्हणायचं. ती भट्टीत पाचशे पन्नास अंशांवर तासभर तापवली की आत बारीक स्फटिक धरतात. केसाच्या जाडीचे आठ हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा एकेक. त्यांच्यापायी तिची चार वर्षं आणि डोक्यावरचे निम्मे केस गेले होते.

“म्हणजे आता ती काच राहिली नाही?”

“पहिल्यासारखी नाही, काका. तेच तर माझं संशोधन.”

“म्हणजे फोडलीत, असं सरळ सांगा ना.”

फुटलेल्या काचेचे तुकडे मोजून जमा करायचे, असा नियम होता. तिने मनातल्या मनात स्फटिकांचा आकडा मांडला आणि तिला घाम फुटला. सामान परत मिळाल्याचा भांडाराचा दाखला प्रबंधाच्या शेवटी जोडल्याशिवाय पदवी नाही आणि पदवीशिवाय सोमवारपासूनची नोकरी नाही. आई तर साऱ्या गोतावळ्यात ‘आमची डॉक्टर’ म्हणून मिरवून मोकळी झाली होती.

काकांना दया आली. माणूस वाईट नव्हता, फक्त नोंदवहीबाहेर कधी गेला नव्हता.

“असं करा, काच घेतली तशीच आहे, म्हणून लिहून द्या. मी शिक्का मारतो.”

अडला हरी, म्हणतात तसं तिने लिहून दिलं.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. प्रबंध शेवटच्या पानापासून उलटा वाचायचा, आणि कंटाळा आला की थांबायचं, अशी त्यांची जुनी रीत होती.

“‘काचेत काहीही बदल झालेला नाही.’ सही तुमचीच ना?”

“हो सर. पण ते नुसतं भांडारासाठी. खरी ती आधीची दोनशे बारा पानं.”

परीक्षकांनी ती सगळी पानं अंगठ्याखालून भरभर सोडली आणि प्रबंध मिटला.

“पण शिक्का तर याच पानावर आहे.”