ट्रे निवताना

टक्.

आवाज एवढासाच, पण दुपारच्या शांततेत तिने लॅपटॉपवरून मान वर केली. ओट्यावरचा ट्रे. ओव्हनमधून काढला तेव्हा हात लावायची सोय नव्हती, आणि तेव्हा मुकाट होता. आता निवत आल्यावर कुरकुरायला लागला.

टेबलाशेजारी चटईवर लेक झोपली होती. ती उठेपर्यंतचा वेळ आपला.

संध्याकाळी बैठक. तिचं गणित प्रयोगशाळेतल्या मोजणीशी जुळलं नाही तर मॉडेल गुंडाळायचं, असं सरांनी स्पष्टच सांगितलं होतं. बारीक धाग्यांभोवती वितळलेला धातू ओतून केलेला तुकडा. निवताना धातू आखडतो, धागे फारसे आखडत नाहीत. मग धातू त्यांना आवळून धरतो, लांबीतही दाबतो. किती आवळतो, एवढंच काढायचं. आणि तिचं उत्तर दर वेळी मोजणीच्या दुप्पट.

टक्.

"गरम असताना गप्प," ती पुटपुटली आणि खुर्चीत सरळ झाली.

धातू गोठला त्या क्षणापासून तिने हिशेबात ताण धरला होता. पण इतका तापलेला धातू म्हणजे लोणी. तो कसला आवळतोय? नुसता सरकून जागा देतो. खरी पकड नंतरची, बरंच निवल्यावरची.

कुठल्या तापमानाला धातू किती मऊ, हे आकडे तिच्याकडे पडूनच होते. घातले. पडद्यावरची रेघ खाली आली, आणखी खाली आली, आणि मोजणीच्या ठिपक्यांवर जाऊन बसली.

तिने दबक्या आवाजात प्रयोगशाळेतल्या ताईंना फोन लावला. "ताई, ॲसिडने धातू काढून टाकल्यावर धागे किती लांबले होते? परत सांगा ना."

ताईंनी आकडा सांगितला. "अगं, किती वेळा? आता काय धाग्यांनाच बैठकीला आणू?"

"नका आणू. माझंच चुकत होतं. जुळलं, ताई."

पलीकडे खुर्ची करकरली. "थांब, सरांना मी सांगते. त्यांचा चेहरा मला बघायचाय."

"काय जुळलं?" लेक उठून बसली होती.

तिने तिला उचलून मांडीवर घेतलं आणि एका दमात सगळं सांगितलं. धातूने धाग्याला कसं घट्ट धरलं होतं, ताईंनी धातू कसा विरघळवला, आणि मग धागा कसा लांब झाला, केसाच्या जाडीहूनही कमी, पण झाला.

लेकीने थोडा विचार केला. "मग आता धाग्याला मोकळं वाटतंय, की एकटं?"

तिने लेकीभोवतीचा हात जरासा सैल केला. ओट्यावरचा ट्रे आता पुरता निवला होता.